पातळ भिंतींचं रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुनं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आहे. मुक्काम अमेरिकेच्या मोंटानातलं बिटररूट खोरं, एल्डन टॉरगर्सन यांचं स्वयंपाकघर, खालचा ड्रॉवर. शेजारी बाटली उघडायची चावी, तुटका थर्मामीटर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या राहतात. किल्ल्यांना अजून आशा आहे. त्यामुळे त्या आम्हा बाकीच्यांशी जरा तोऱ्यातच वागतात. बोलायला असं कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. माणसाला हत्तीची ताकद हवी असते, पण ती कोटाच्या खिशात मावायला हवी असते. या हट्टापायी मला घडवलं गेलं. काडतूस मोठं, चव्वेचाळीस कॅलिबरचं. ते ठेवायला थोरल्या रिव्हॉल्व्हरांच्या चक्रात सहा ऐसपैस घरं असतात. मला पाचच, आणि तीही दाटीची. अंग लहान करायचं तर पोलाद कुठूनतरी कापावं लागतं. माझ्या घरांच्या भिंतींतून ते कापलं. काडतूस मात्र तेच राहिलं. थोरल्यांत जे बसतं ते माझ्यातही अगदी सहज बसतं. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख या एका सोयीत आहे.

खोक्यात माझ्यासोबत एक पत्रक होतं. हलकी काडतुसंच वापरा, असं त्यात लिहिलं होतं. एल्डन स्क्रू-ड्रायव्हर शोधत होते, तेवढ्या वेळात त्यांच्या बायकोनं, लॉर्नानं, ते वाचून काढलं. मी तिचाच होतो. नवराबायको खेचरांवर सामान लादून शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जायचे, आणि तिच्या कमरेला मी असायचो. एका अस्वलाला मी नुसत्या आवाजानं परत पाठवलं आहे. पाय मोडलेल्या एका खेचराला वेदनांतून सोडवलं आहे. त्या दिवशी लॉर्ना जेवली नाही. त्यानंतर तिनं मला जितक्या हळुवारपणे पुसलं, तितकं आजवर कुणी पुसलेलं नाही.

या खोऱ्यात काडतुसं घरी भरतात, जशी तुमच्याकडे लोणची घालतात. रिकाम्या पितळी पुंगळ्या जपायच्या, त्यांत बंदुकीची नवी दारू मोजून ओतायची, वर गोळी बसवायची. प्रत्येकाला आपलंच प्रमाण जगात उत्तम वाटतं. दोन पुरुष भेटले की आधी हवामान निघतं, मग गुडघे, आणि मग काडतुसात दारू किती घालतोस हा विषय. त्यात कमी आकडा सांगणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही.

लॉर्नाला आकडा सांगायची हौस नव्हती. ती माझ्यासाठी बेताची काडतुसं भरायची. तिचा एक नियम होता. "दुसऱ्याचा टूथब्रश आणि दुसऱ्यानं भरलेलं काडतूस, दोन्ही वापरायचं नसतं," असं ती म्हणायची. हा नियम खोऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण शेजाऱ्यानं हातात आणून दिलेलं परत करायचं नाही, हाही नियम तितकाच पाठ आहे. हे दोन नियम समोरासमोर आले की काय करायचं, ते मात्र कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नाही.

मग लॉर्ना वारली. पहिले काही आठवडे घरात शेजाऱ्यांनी जेवण भरून आणलेल्या, झाकण लावलेल्या काचेच्या भांड्यांची रांग लागली होती. बटाट्याचं, चिकनचं, शेवयांचं, सगळ्यांवर तेच चीज. मग भांडी परत गेली आणि माणसं यायची थांबली. एल्डन दोन वेळा कॉफी करायचे आणि दोन्ही वेळा अर्धी ओतून द्यायचे. मी खुंटीवर टांगलेला असायचो. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचो. ते बंद होतं, पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

येत राहिला तो एकच, शेजारचा रॉयस क्विग्ली. रविवारी चर्च सुटलं की तो हॉर्न वाजवायचा आणि दोघं जुन्या खडीच्या खाणीत जाऊन डब्यांवर नेम धरायचे. त्याचं रिव्हॉल्व्हर थोरलं, सहा घरांचं, मांडीएवढं.

"काय रे म्हाताऱ्या, आजही तो उंदीर आणलास?" मला पाहून तो म्हणायचा.

"उंदीर तुझ्यापेक्षा जास्त डबे पाडतो," एल्डन म्हणायचे.

"पाडतो कसला! डब्यांना त्याची दया येते, म्हणून पडतात बिचारे!"

एल्डन हसायचे. आठवड्यात तेवढंच.

एल्डनच्या वाढदिवसाला रॉयसनं खाणीत थाळीभर हकलबेरी पाय, म्हणजे रानफळं भरून भाजलेला गोड पदार्थ आणला, आणि एक प्लॅस्टिकचा डबा. डब्यात त्यानं स्वतः भरलेली काडतुसं होती, ओळीनं चकचकीत बसलेली. "माझं खास प्रमाण आहे. तुझ्या उंदराला जरा मिशा फुटू देत," तो म्हणाला.

एल्डननी डबा हातात घेतला. हा माणूस आयुष्यभर खेचरांवर ओझं लादत आला. दोन्ही बाजूंचे पेटारे तराजूला लावल्याशिवाय त्यानं खेचर कधी हलवलं नाही. नियम त्यांना माहीत होता. माझ्या भिंतींची जाडीही माहीत होती. ते एवढंच म्हणाले, "आभारी आहे रे."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडायचं होतं. पण आमच्यासारख्यांना एकच आवाज दिलेला आहे, आणि तो काढणं दुसऱ्याच्या बोटावर असतं.

पहिल्या काडतुसाला एल्डनचं मनगट कपाळापर्यंत उडालं. रॉयसनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला माझ्या सांगाड्यात कुठंतरी काहीतरी ताणलं गेलं. एल्डननी चक्र बाहेर काढलं आणि रिकाम्या पुंगळ्या ढकलून पाहिल्या. एरवी त्या बोटानं निघतात. या वेळी हलेनात. त्यांनी पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर लाकडाचा तुकडा ठोकला तेव्हा कुठं त्या निघाल्या. पुंगळ्यांच्या बुडाच्या टिकल्या दाबानं सपाट झाल्या होत्या. आत भरलेली काडतुसं अति जोराची आहेत, हे सांगायला आमच्याकडे एवढीच भाषा आहे. एल्डनना ती भाषा वाचता येत होती.

"धूळ असेल," रॉयस म्हणाला.

"असेल," एल्डन म्हणाले.

"का, घाबरलास की काय?"

थर्मासमधली कॉफी अजून अर्धी होती. रविवार संपायला वेळ होता. एल्डननी चक्र पुन्हा भरलं आणि चाप ओढला.

माझ्या त्या घराची बाहेरची भिंत फुगली. फुटली नाही एवढंच. चक्र अडकलं, ते फिरेना, निघेना, आणि बाकीची काडतुसं भरलेलीच आत राहिली. एल्डननी मला हळूच खडीवर ठेवलं, नळी टेकडीकडे करून. मग ते दोन पावलं मागे सरले आणि आपला उजवा हात निरखून पाहू लागले. बोटं सगळी होती.

रॉयसनं गावातल्या थियाला फोन केला. ती बंदुका दुरुस्त करते. "कुणी हात लावू नका, गाडीत तर मुळीच घालू नका," म्हणत ती जेवण टाकून आली. बराच वेळ खटपट करून तिनं मला मोकळं केलं. फुगलेल्या भिंतीवरून अंगठा फिरवला.

"हे पक्वान्न कुणाच्या हातचं?" तिनं विचारलं.

"माझ्या. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वर्षानुवर्षं चालतंय," रॉयस म्हणाला.

"चालणारच. केवढं थोराड आहे ते! याचं अंग बघा की."

"पण काडतूस तर तेच आहे!"

थिया एल्डनकडे वळली. "काय हो एल्डन, शिंगरावर तुम्ही खेचराचं ओझं घातलं असतंत का कधी?"

"नाही."

"मग?"

उत्तर एल्डनच्या शेजारीच उभं होतं, हकलबेरीची रिकामी थाळी हातात घेऊन.

त्या संध्याकाळी एल्डननी फोन उचलला. "रॉयस, तुझी काडतुसं उत्तम आहेत. माझ्या रिव्हॉल्व्हरला ती सोसत नाहीत. हे मला डबा उघडायच्या आधी माहीत होतं. राहिलेली घेऊन जा." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी तोवर ड्रॉवरमध्ये आलो होतो. फट राहिली होती, त्यातून मला टेबलाचे पाय आणि एल्डनचे मोजे दिसायचे. चर्चचे बूट काढलेले, मोजे तसेच. ते खिडकीकडे वळून बसायचे. मनगटाची लचक बरी झाली. बाकीचं काही बरं होताना दिसत नव्हतं. मला वाटलं, आता या घरात दोन निकामी झाले.

मग एका रविवारी हॉर्न न वाजवताच मागचं दार उघडलं. चिखलाचे बूट आत आले.

"डबा कुठाय?" रॉयसचा आवाज.

"टेबलावर."

रॉयसनं एक हातोडी काढली, पोकळ डोक्याची. तिच्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होते. त्यानं ठोकायला सुरुवात केली. टक. टक. एल्डननी बशी पुढे सरकवली.

ठोकता ठोकता रॉयस म्हणाला, "तू डबा हातात घेतानाच सांगायला हवं होतंस, लेका."

"सांगितलं असतं तर आला असतास का पुन्हा?"

टक. "रुसलो असतो. मग आलो असतो."

"किती दिवसांनी?"

रॉयसनं हिशेब केला असावा. "आत्ता लागले तेवढेच," तो म्हणाला.

सगळी दारू बशीत जमली तेव्हा ती दोघांनी लॉर्नाच्या फुलझाडांच्या बुडाशी टाकली. इथं ती खत म्हणून टाकतात. झाडांना त्याचा उपयोग होतो की नाही कुणास ठाऊक. तक्रार आलेली नाही.

आता रविवारी ते पत्ते खेळतात. रॉयस लबाडी करतो आणि एल्डन त्याला तोंडावर सांगतात. मग रॉयस रुसतो, कॉफी संपेपर्यंत. मला आता कुणी विचारत नाही. माझं चक्र आता कुणी बनवत नाही, आणि फुगलेली भिंत परत बसत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी लहान, दिसायला दणकट वस्तू तुमच्या घरात असेल, किंवा माणूस असेल, तर त्याच्यात काय मावतं एवढंच पाहून भरत जाऊ नका. माझ्यात सगळंच मावत होतं. काय सोसतं ते आधी विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर खरं सांगा. माणूस रुसेल. रुसलेला माणूस मागच्या दारानं परत येतो. ड्रॉवरमधून अजून कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही.