हर्षालीचा वरंबा

सरांनी मैदानात सात विटा ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्यामधून चेंडू नागमोडी नेऊन परत आणायचा, एवढीच परीक्षा. हर्षालीचा चेंडू तिसऱ्या विटेलाच धडकला आणि थेट शाळेच्या नळाखाली जाऊन बसला. सगळ्या मुली हसल्या. हर्षालीही हसली, पण ते काही खरं हसणं नव्हतं.

२००२ सालची गोष्ट. पंचवटीतल्या त्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच तयार होत होता. जिल्ह्याच्या सामन्यांना सोळा मुली न्यायच्या होत्या आणि पंधरा ठरल्या होत्या. उरलेल्या एका जागेसाठी सरांनी हर्षालीला दोन आठवड्यांची मुदत दिली. तिच्या अंगात दम होता, पळणं चांगलं होतं. फक्त चेंडू पायाजवळ टिकत नव्हता. सरांनी तिला एक जुना, शिवण उसवलेला चेंडू दिला आणि म्हणाले, "पायाशी ठेवायला शीक. बाकीचं मी बघतो."

बाकीच्या मुली पंचवटीतल्याच, संध्याकाळी एकत्र खेळायच्या. हर्षालीला सव्वापाचची बस धरून मखमलाबादच्या पुढे मळ्यात जावं लागे. तिथे खेळायला दुसरं कोणी नव्हतं. होतं ते वावर. टोमॅटोसाठी सऱ्या पाडून ठेवलेलं, रोपांची वाट बघत मोकळं पडलेलं.

तिचे वडील मल्हारी तसे कमी बोलणारे. वावरात खेळू का, असं तिने विचारल्यावर त्यांनी थोडा वेळ कान खाजवला. "लावणीपर्यंत खेळ. रोपं लागली का चेंडू बंद. आन वरंबा मोडला तर तुझा तूच ओढायचा."

हर्षाली सरीत उतरली. सरी म्हणजे दोन वरंब्यांमधला, मातीच्या दोन उंच ओळींमधला पाण्याचा पाट, चांगला खोल. तिने चेंडू पुढे ढकलला, मागे पळाली, परत ढकलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू एकदाही बाहेर गेला नाही! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात ती इतकी तरबेज झाली, की डोळे मिटूनही चेंडू नेऊ लागली. जेवताना आईला म्हणाली, "मला तर जमलंच." पोरीचं नाक इतकं वर गेलं, की त्याला जमिनीचा वास येईना.

रविवारी तिने वडिलांना बोलावून आणलं. मल्हारी बांधावर उकिडवे बसले. हर्षाली सरीतून सुसाट गेली आणि सुसाट परत आली. धापा टाकत त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"पाणीबी सरीतनं असंच सरळ जातं," मल्हारी म्हणाले. "त्यात पाण्याची काय हुशारी?"

हर्षालीला असा राग आला, की विचारू नका. चेंडू उचलून ती तडक घरापुढच्या अंगणात गेली. सपाट, सारवलेलं अंगण. दाखवतेच आता! दोन पावलांत चेंडू उजवीकडे पळाला, तिसऱ्या पावलाला आणखी उजवीकडे, आणि चौथ्याला कोंबड्यांच्या खुराड्यावर आदळला. कोंबड्यांनी सगळा मळा डोक्यावर घेतला. आई आतून ओरडली. हर्षाली ओट्यावर बसली आणि रडली. आठवडा फुकट गेला होता. सरीच चेंडूला दोन्हीकडून सांभाळत होती आणि ही बया श्रेय स्वतःकडे घेत होती.

रडून झाल्यावर ती परत वावरात गेली. खूप वेळ नुसती बघत राहिली. मग सरीत न उतरता वरंब्यावर चढली. वरंब्याचा माथा जेमतेम हातभर रुंद. चेंडू जरा चुकला, की घरंगळलाच खाली.

पहिल्या दिवशी चार पावलंसुद्धा जमली नाहीत. चेंडू पडायचा, ती पडायची, कड ढासळायची. अंधार पडायच्या आत फावडं घेऊन माती ओढून वरंबा पुन्हा नीट करायची. हात भरून यायचे. पण त्या फावड्यानेच तिला एक गोष्ट दाखवली. तिसऱ्या संध्याकाळी माती ओढताना तिच्या ध्यानात आलं, की वरंबा मोडतो तो प्रत्येक वेळी उजव्याच कडेला. म्हणजे चेंडू उजवीकडेच जातो. म्हणजे डावा पाय त्याला जास्तच ढकलतो. तोपर्यंत तिला वाटत होतं, आपण सगळ्यातच कच्च्या. एका पायाचीच खोड आहे हे कळल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. एका पायाचं काय, त्याला वळण लावता येतं.

मग ती डाव्या पायाच्या मागेच लागली. आधी नुसतं चालत, फक्त डाव्याने, हळूच, चेंडूला गोंजारल्यासारखं. दहा पावलं आली. वीस आली. मग दोन्ही पायांनी, मग दुडक्या चालीने. मान खाली घालून चाललं, की पुढे वरंबा कुठे खचलाय ते दिसायचं नाही, म्हणून आपोआप मान वर राहू लागली. शाळेत जायच्या आधी अर्धा तास आणि आल्यावर दिवस मावळेपर्यंत. बोलायला कोणी नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही. तरी तिला त्या दिवसांत कधी एकटं वाटलं नाही, उलट फार बरं वाटायचं. शुक्रवारी ती वरंब्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि कड कुठेच ढासळली नाही. त्या संध्याकाळी फावड्याला सुट्टी मिळाली.

शनिवारी सरांनी सात विटा मांडल्या. हर्षालीला ते मैदान केवढं ऐसपैस वाटलं! ती घाई न करता निघाली. चेंडू पायाजवळच राहिला, सातव्या विटेला वळसा घालून ती परत आली. सरांनी हातातली शिट्टी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "पुन्हा." तिने पुन्हा करून दाखवलं. या वेळी मुली हसल्या नाहीत. सरांनी वहीत सोळावं नाव लिहिलं. "पण सराव शनिवारीच होणार," ते म्हणाले. "बाकीचे दिवस आपापलं करायचं. सोडलंस तर महिन्याभरात सगळं जाईल."

बसमध्ये खिडकीशी बसलेल्या हर्षालीला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात एक खडाही होता. आज घरी लावणी होती. बोलीप्रमाणे चेंडू आजपासून बंद. वडिलांशी वाद घालायचा नाही असं तिने ठरवलं. पोट त्या टोमॅटोवरच भरत होतं, हे तिला कळत होतं.

ती पोचली तेव्हा लावणी संपत आली होती. आई आणि दोन बाया शेवटच्या सरीला होत्या. शेजारच्या मळ्यातले बारकूनाना बांधावर तंबाखू मळत उभे होते.

"मल्हारी, तो मधला वरंबा सुटला का रं?"

हर्षालीने पाहिलं. सगळ्या वावरात हिरवी रोपं ओळीने उभी होती. मधोमध एका वरंब्यावर काहीच नव्हतं. त्याचा माथा फावड्याने चोपून नीट सपाट केलेला होता.

"सुटला नाय," मल्हारी रोपांवरची नजर न काढता म्हणाले. "तिथं पोरगी लावलीय."

बारकूनाना हसले. नाव लागल्याचं सांगायला हर्षाली धावत आली होती, पण ते सांगणं बाजूलाच राहिलं. तिने दप्तर बांधावर ठेवलं, आईच्या हातातली रोपांची पाटी घेतली आणि शेवटची सरी स्वतः लावून काढली.