‘व’च्या पुढची माणसं

मावशीचं नाव डोळ्यांच्या ऑपरेशनच्या यादीतून कापलं गेलं. कारण काय, तर म्हणे दोनदा बोलावूनही आली नाही! आणि सगळ्यांत आधी तिच्यावर तोंड कुणी टाकलं? सख्ख्या भाचीने. "पत्र आलं असणार, तूच कुठेतरी ठेवून विसरलीस. हल्ली तुझ्या काही लक्षातच राहत नाही," असं फोनवर फडाफडा बोलून ती मोकळी झाली.

आता गंमत बघा. हॉस्पिटलची ही पत्रं पाठवणारा पीएचपी या संगणकाच्या भाषेतला जुना प्रोग्राम ज्या कंपनीचा, तिथेच ही भाची प्रोग्रामर. पत्र अमुक दिवशी गेलं होतं, असं मावशीला ठणकावून सांगावं म्हणून तिने नोंदी उघडल्या, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पत्र गेलंच नव्हतं. प्रोग्राम आडनावांच्या क्रमाने चालायचा आणि दर वेळी ‘व’पाशी मेमरी भरून मरायचा. पुढच्या ‘श’, ‘स’, ‘ह’वाल्यांना पत्र नाही, पण तारीख मात्र ठरलेली. मग ते गैरहजर. दोनदा गैरहजर, की नाव कट. मावशी धरून अशी दोनशे चौदा माणसं निघाली. न आलेल्या पत्राची तक्रार करणार तरी कोण?

चूक शोधायला तिला एक दुपार पुरली. प्रत्येक पेशंटच्या पत्राचं मेमरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचं गाठोडं, तयार व्हायचं आणि पत्र गेलं की ते ‘अनसेट’ करून सोडून दिलं जायचं. सोडून दिलं म्हणे! दारावरची पाटी काढली, भाडेकरू आत तसाच. तिच्या साहेबांनी कधीकाळी प्रोग्राममध्ये एक नोंदवही घातली होती, ती प्रत्येक पत्राला धरून बसायची. एकानेही धरून ठेवलंय तोवर पीएचपी ऑब्जेक्ट मोडत नाही आणि जागा सुटत नाही. पत्र गेल्यावर ते वहीतूनही काढा, एवढी एक ओळ हवी होती.

मावशीसकट सगळं ऐकून साहेब खुर्चीत रेलूनच म्हणाले, "अगं, मेमरीची मर्यादा वाढव थोडी. नेहमी तेच करतो आपण."

"त्याने फार तर ‘श’ येतो साहेब. ‘ह’ कधी येतच नाही."

"बरं, तुझ्या मावशीचं नाव आजच घालायला सांगतो. बाकीचं उकरत बसू नकोस. हॉस्पिटलला कळलं तर अब्रू जाईल आपली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोनशे चौदा माणसं घराघरात चाचपडतायत, आणि याला अब्रूची पडलीय!

"ठीक आहे. मग यादी उलटी लावते. ‘ह’ आधी, ‘अ’ शेवटी. तुमचे वडीलही आहेत ना यादीत, ‘अ’मध्ये?"

साहेब ताडकन सरळ बसले. "वेड लागलंय का तुला? त्यांचं पत्र याच आठवड्यात जायचंय!"

"नाही गेलं, तर सांगा त्यांना, तुम्हीच विसरलात म्हणून."

पाच मिनिटांत ती ओळ प्रोग्राममध्ये पडली. दोनशे चौदा नावांची यादी, वर ‘चूक आमची’ असं ठळक लिहून, साहेबांच्याच सहीने हॉस्पिटलला गेली.

मग तिने मावशीला फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही गं मावशी."

"आणि तू बोललीस तेव्हापासून मी रोज शेजारणीला बोलावतेय, गॅस बंद केलाय का ते बघायला. माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही." मावशीचा आवाज चढला. "तारीख मिळेल तेव्हा मिळेल. आधी तू इकडे ये, आणि तुझ्या आईसमोर, सगळ्यांसमोर हे बोल!"