हालवरचं काळंभोर रान

अमेरिकेत, आयोवाच्या त्या भागात शेतकऱ्याची लायकी रानाच्या रंगावर ठरायची. कापणी झाली की खोल नांगरायचं, मक्याचं एक धाटही वर दिसता कामा नये. लेलंड थोर्सगार्डचं उताराचं रान सगळ्यांत काळंभोर. बाप हालवरनं शिकवलेलं ना! आणि हालवर म्हणजे त्या घरात देवापेक्षा दोन पायऱ्या वर.

"बाबा, असं आता कुणी नांगरत नाही. माती वाहून जाते हो," मुलगी मारित सांगून सांगून थकली. पण ती पडली दातांची डॉक्टर. तिला काय कळतंय मातीतलं!

म्हातारपणी लेलंडनं ते रान कृषी महाविद्यालयाला देऊन टाकलं. पोरांनी शेती शिकावी, बापाचं नाव राहावं. अट एकच: दरवर्षी हालवरच्या पद्धतीनंच नांगरायचं, कायम. प्राचार्य अट पुन्हा एकदा नीट ऐकून घेऊन इतक्या आनंदानं हो म्हणाले की लेलंडला गहिवरून आलं. केकसुद्धा कापला.

काही वर्षांनी महाविद्यालयाचं बोलावणं आलं. ठेवणीतला कोट चढवून, मारितला घेऊन स्वारी हजर. बापाच्या नावाची ही भली मोठी पाटी! बस भरून विद्यार्थी! म्हाताऱ्याची छाती फुगली.

शिकवणाऱ्या बाईंनी कुंपणाकडे बोट दाखवलं. कुंपणाखालच्या पट्ट्याला कधी नांगर लागलाच नव्हता. तो होता तिथंच होता. रान मात्र गुडघाभर खाली गेलं होतं.

"दोन पिढ्यांपूर्वी दोन्ही एका पातळीत होती," बाई म्हणाल्या. "जमिनीची वाट कशी लावायची ते बघायला प्रत्येक तुकडी इथं येते."

"कोण हो हा दिवटा हालवर?" एक पोरगा खिदळला.

मारितनं बापाचा हात घट्ट धरला. प्राचार्य घाईघाईनं कानाशी आले. "साहेब, अट मागे घ्या. उद्याच पाटी काढतो."

लेलंड कुंपणाकडे बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"नांगरत राहा," शेवटी तो म्हणाला. "पोरांना बघू दे. पण पाटीवरचं नाव बदला. माझ्या बापाला सांगणारं कुणी नव्हतं. मला सांगणारी घरातच होती."

"मग कुणाचं घालू?"

"माझं घाला."