साबण लागलेला घाणा

चॉकलेट कळायला जीभ लागते, नुसतं तोंड असून भागत नाही, हे आक्का येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. ऐकून घेणंही भाग होतं. घरामागच्या त्या कारखान्यात (कारखाना कसला, दोन खोल्या, बिया भाजायची शेगडी आणि अखंड घरघरणारं दळायचं यंत्र) आक्काने चाखून "जाऊ दे" म्हटल्याशिवाय एक वडी पुढच्या दुकानात जात नसे. दुकान तिचा थोरला भाऊ बघायचा, दादा. दळण वहिनीकडे. भाजणं आणि चाखणं आक्काचं. खिडकीशी एक उंच स्टूल होतं, त्यावर बसून ती चाखायची, आणि त्या स्टुलावर दुसरं कुणी टेकलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

नणंद-भावजयीचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं, निदान चॉकलेटच्या बाबतीत. आक्काला आवडायचं काळंकुट्ट, कडू, चांगलं दमदार भाजलेलं. वहिनीला दुधाचं, त्यातही बिया अगदी कमी भाजून केलेलं.

"त्याला चॉकलेट म्हणतात होय? दूधच प्यायचं तर पेला घे की!" आक्का म्हणायची.

"तुमचा तो कोळसा बरा, वन्सं! खाल्ला की माणूस रुसल्यासारखं तोंड करतो," वहिनी तिथल्या तिथे परतफेड करायची.

दादाला विचारलं तर तो यंत्राच्या कडेला लागलेलं खरवडून खात म्हणायचा, "मला बाबा दोन्ही आवडतात." त्यावर मात्र दोघी एका सुरात म्हणायच्या, "गाढवाला गुळाची चव काय!"

शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की परीक्षा असायची. पांढऱ्या बशीत बिनखुणेचे तुकडे, आणि आक्काचे डोळे मिटलेले. एकेक तुकडा जिभेवर विरघळवत ती सांगत जायची. हे डोंगरातल्या बियांचं, मनुकांसारखं आंबटगोड. हे नदीकाठच्या बियांचं, मातकट, पोटभरीचं. हे यंत्रातून घाईने काढलं, अजून तुरटपणा गेला नाही. आणि हे मी नसताना भाजलेलं, शेगडीपाशी कुणीतरी गप्पा छाटत होतं, बाईसाहेब, कडा करपल्यात. वहिनी चिडायची, पण बरोबरच असायचं. आक्का कधी चुकली नव्हती.

मग थंडीत तिला ताप आला, नाक चोंदलं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, वास मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाहीही येणार. घ्या! असलं निदान तर दादाही करू शकला असता. जिभेवर उरलं फक्त गोड आणि कडू. मनुका गेल्या, माती गेली, करपट गेलं. तिचं लाडकं चॉकलेट म्हणजे आता नुसता कडू चिखल. पहिल्या दिवशी तिने मोरीचं दार लावून, नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

सांगितलं कुणालाच नाही. लग्न तिने केलं नव्हतं, घर भावाचं होतं, आणि त्या घरात ती ताठ मानेने वावरायची ती या जिभेच्या जोरावर. जीभच गेली तर ती कोण? भावाकडे राहणारी बहीण. तिला कुणी घालवून दिलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण स्टूल गेलं असतं. सगळ्यांनी तिच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली असती, आणि ते तिच्याच्याने सोसवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर आक्का झाकायला शिकली. वडी कानाजवळ नेऊन मोडायची: कडू चॉकलेट कडक आवाजात तुटतं, दुधाचं मऊ. तुकडा मनगटावर घासायची: दुधाचं आधी पातळ होतं. भाजताना बियांच्या तडतडीवर कान ठेवायची, सालीचा रंग बघायची. एवढं करून उरलंसुरलं वहिनीच्या तोंडून कळायचं, कारण वहिनीला नेमकी याच दिवसांत बोलण्याची हुक्की आली होती. जिभेला हाड म्हणून नाही!

"वन्सं, मला बाई आता ताज्या पावासारखा वास यायला लागलाय. उतरवायच्या का बिया?"

"वन्सं, यात अगदी मनुका लागतायत हो! मला लागतायत म्हणजे तुम्हांला किती लागत असतील!"

आक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेली आपली अक्कल पाजळतेय! म्हणजे हिला आता सगळं कळायला लागलं आणि आपण कोऱ्या. स्टुलावर डोळा दिसतोय हिचा. पण वहिनी जे बोलून जायची ते आक्का गुपचूप उचलायची आणि शनिवारी तेच दोन शब्द इकडेतिकडे करून सांगायची. कानाला पाहिजे असलेलं आणि मनाला नको असलेलं, असं ते बोलणं झालं होतं.

अशात वहिनी दोन दिवस बहिणीकडे गेली.

चॉकलेटचा एक स्वभाव आहे. ते शेजारच्याचा वास ओढून घेतं. म्हणून या घरात कारखान्यात कुणी डोक्याला वासाचं तेल लावून येत नसे, कांदा-लसूण पुढच्या स्वयंपाकघराबाहेर पडत नसे. हे दादाला पाठ होतं. तरी मोरीतली फळी तुटली तेव्हा या शहाण्याने धुण्याच्या साबणाच्या वड्या उचलल्या आणि कुठे ठेवल्या, तर चॉकलेटच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. "तात्पुरत्या" म्हणे. सकाळी आक्काने कपाटातून एक वडी काढली, कानाशी मोडली, तोंडात टाकली. आवाज खणखणीत. कडू ते कडू. "जाऊ दे," ती म्हणाली.

वहिनी परत आली, अजून चपला काढतेय तोच शाळेतल्या बाई दुकानात हजर. जुन्या गिऱ्हाईक, आक्काच्या कडू चॉकलेटच्या भक्त.

"आक्का," बाई म्हणाल्या, "राग मानू नका, पण चॉकलेट खाल्लं की कपडे धुतले, काही कळेना."

वहिनीने तुकडा नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला. दादा धावत आत गेला, साबण हातात घेऊन बाहेर आला. चेहरा असा, की रागवायलाही मन होईना. मग त्याने ते विचारलं, अगदी साधेपणाने, मनात काही नसताना.

"पण आक्का, तू चाखलं होतंस ना?"

बाई बघत होत्या, दादा बघत होता.

"सर्दी झालीये त्यांना," वहिनी पटकन म्हणाली. "मी जातानाच बघितलं, नाक लाल होतं."

केवढी सोपी वाट होती! नुसतं हो म्हणायचं, एकदा शिंकायचं. आक्काने बाईंच्या हातातल्या वडीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं ही बाई डोळे मिटून आपल्या हातचं खात आली.

"सर्दी नाही," ती म्हणाली. "मला वासच येत नाही. थंडीतल्या तापापासून. मी तुम्हां सगळ्यांना फसवतेय." मग तिने कमरेचं फडकं सोडलं, घडी केली, वहिनीच्या हातात दिलं. "हे घे. स्टूल तुझं."

आत जाऊन ती दाराकडे पाठ करून यंत्राशी उभी राहिली. मागून वहिनी आली.

"मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही शेगडीपाशी पेपर वाचत होतात आणि शेजारी दूध करपून पातेलं काळं झालं. तुम्ही पान उलटलंत. तेव्हाच कळलं."

आक्का वळली. "म्हणजे ते पाव... त्या मनुका..."

"मग? मला काय हौस आहे दिवसभर बडबडायची? घसा बसला माझा, वन्सं! तुम्ही मूठ झाकलीत, मी वरून हात ठेवला." एवढं बोलून वहिनीचे डोळे भरले आणि ती स्वतःवरच चिडली. "बहिणीकडे जायलाच नको होतं मी."

आक्का मटकन स्टुलावर बसली. महिनोन्महिने जिच्यावर जळत होतो, ती आपल्याला चमच्याने चव भरवत होती. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त माया दाटून आली.

पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "तुझं दे."

"काय?"

"तुझं दुधाचं चॉकलेट. एवढी वर्षं नावं ठेवली त्याला, तुला त्यात काय आवडतं ते कधी विचारलंच नाही. सांग."

वहिनीने वडी मोडली, तिच्या जिभेवर तुकडा ठेवला. "साय लागते आधी. मग भिजवलेल्या बदामासारखं. भाजलेपण अगदी शेवटी, जेमतेम. आठवतं? मी या घरात नवी आले आणि रडत बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर ठेवलं होतं. 'खा, रडू नको' म्हणालात. मला ते इतकं आवडलं, की नंतर मी तस्संच करून घेत राहिले."

आक्काला आठवलं. त्या दिवशी बिया कच्च्याच उतरवल्या गेल्या होत्या. ती चव झाकायला दूध ओतलं होतं. फेकायचाच घाणा, म्हणून नव्या नवरीला दिला.

"अगं, तो बिघडला होता!"

"तेही मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "मामंजींनी तेव्हाच सांगितलं होतं."

आक्का डोळ्यांतून पाणी येईतो हसली. जिभेवर नुसतं गोड होतं, बाकी काही नाही. तिने हात पुढे केला.

"आणखी एक दे," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग. सावकाश."