माझ्या पोटातला जोड

मी एक गाडी बोलतेय, असं म्हणायला गेले तर पहिल्याच वाक्यात खोटं बोलल्यासारखं होईल. मी एक नाही. माझं नाक, इंजिन, स्टेअरिंग आणि पुढची काच एका गाडीची आहे. सीटांच्या मागचं सगळं दुसऱ्याच गाडीचं.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या. दोन दारं, दोन सीटा, जमिनीला टेकेल इतकं खाली पोट. पुढच्या गाडीला टोलनाक्यावर मागून ट्रकनं ठोकलं. तिचा मालक कपडे झटकत बाहेर आला. दुसरीला पुढून काहीतरी धडकलं. तिची आठवण माझ्या मागच्या अर्ध्यात आहे, आणि मी ती फारशी उकरत नाही. पुढे एक माणूस फोनवर बोलत होता आणि त्याचं वाक्य अर्धवट राहिलं, एवढंच त्या अर्ध्याला ठाऊक आहे.

मग एका मोठ्या शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा दोघींना कापलं, एकमेकींना लावलं, वेल्डिंग मारलं, त्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरली, वर कार्पेट अंथरलं आणि लाल रंग दिला. कागद पुढच्या अर्ध्याचे. मागच्या अर्ध्याला कागदच नव्हते.

त्या रंगावर मेजर वीरेश भुलले.

ते मूळचे गडहिंग्लजकडचे. बर्फातल्या एका चौकीवर दोन वर्षं काढून त्यांची बदली कोल्हापूरला झाली होती. फौजेत घराजवळची बदली म्हणजे नशीबच. चौकीवर असताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की इथून जिवंत खाली गेलो तर वाऱ्यासारखी पळणारी एखादी वस्तू घ्यायची. एका दलालाच्या आवारात त्यांनी मला पाहिलं आणि दुसरी गाडी बघितलीच नाही. मी खूश झाले. तेवढीच घाबरलेही. माझ्या पोटातला जोड मला चालताना कळायचा. खड्ड्यात चाक गेलं की तिथं बारीक कुरकुर व्हायची. मेजरना ती ऐकू जात नसे.

ती जाणवली त्यांच्या आईला. दानम्मा एकदाच माझ्यात बसल्या, गावच्या मठापर्यंत. थोडं अंतर गेलं असेल, त्यांनी मान वळवली.

"मागं कोण बसलंय रे?"

"अव्वा, मागं सीटच न्हाय. कोण बसणार?"

"तरी बी कोणतरी हाय." त्या उतरल्या आणि परत बसायला तयार होईनात. "ब्याड बाबा, नको, मी चालत येते," म्हणाल्या. मेजर हसले. मला हसू आलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. मेजर आणि त्यांची बायको शिवलीला, सुट्टी मिळाली की मला गगनबावड्याला नेत. वर पोचलं की धुकं इतकं दाट असायचं, की माझं मलाच नाक दिसत नसे. शिवलीला काच खाली करून हात बाहेर काढायची. ते दोघं भिजायचे, हसायचे. मीही भिजत होते, पण खालून. पाणी कार्पेटच्या आत शिरत होतं, लांबी फुगत होती. जोडाला गंज लागला होता आणि दर पावसाळ्यात तो बोटबोट पुढे सरकत होता.

मग बदलीचा हुकूम आला. पूर्वेकडची सरहद्द, तीन आठवड्यांत हजर. बायकोला नेता येणार नव्हतं. कोल्हापुरातल्या टेंबलाईकडच्या त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात काळ्या रंगाच्या लाकडी पेट्या येऊन पडल्या. मेजर त्यांच्यावर पांढऱ्या रंगानं आपलं नाव आणि नंबर काढत बसले. भांडी पेटीत गेली, पुस्तकं गेली, पडदे गेले. कशाचं काय करायचं ते पटापट ठरत होतं. माझं ठरत नव्हतं.

"रेल्वेनं नेली तर?" मेजर म्हणाले.

"तिथं रस्ता तरी आहे का? पहिल्याच दगडावर पोट फुटेल तिचं," शिवलीला म्हणाली.

"मग गावाकडं ठेवू. गोठ्याच्या बाजूला शेड हाय की."

"अव्वा तिला दारात उभी करतील? अहो, विका. तो जयसिंगपूरचा सम्राट वर्षभर मागं लागलाय."

सम्राट म्हणजे बी-बियाणांच्या दुकानाचा तरुण मालक. नुकतंच लग्न झालेलं. कोल्हापुरात मी कुठं दिसले, की तो रस्त्याच्या कडेला थांबून बघत राही. मेजर त्याला ना हो म्हणत ना नाही. पेटीवर नाव रंगवता रंगवता ते माझ्याकडे बघायचे आणि ब्रश तसाच हातात राहायचा. शेवटी त्यांनी ठरवलं. विकायची नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, परत आलो की आपलीच.

हे गॅरेज उद्यमनगरातलं, हंबीररावांचं. साठीचा माणूस, हात तेलकट आणि बोलणं मोजकं. झाकून ठेवण्याआधी खालून एकदा बघून घेऊ म्हणून त्यांनी मला वर उचललं. बॅटरी घेऊन माझ्या खाली फिरले. एका जागी थांबले. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. लांबीचा पापुद्रा सुटून त्यांच्या तोंडावर पडला. मग मला खाली घेतलं, सीट काढली आणि कार्पेट फाडलं.

"मेजरसाहेब, ही एक गाडी न्हाय."

"म्हणजे?"

"दोन मेलेल्या गाड्या हायत्या. मधी शिवलंय. आन् शिवण उसवाय लागलीया."

मेजरनी वाकून बघितलं. बोट फिरवलं. बोटाला तांबडी माती यावी तसा गंज आला. "किती दिवस टिकेल, मामा?"

"काय सांगू? दहा वर्सं टिकंल, न्हायतर उद्या दुपारी जाईल. मी माझ्या पोरीला हिच्यात बसू देणार न्हाय."

मेजरांचा चेहरा मला अजून दिसतो. राग दलालाचा होता, पण बघत होते ते माझ्याकडे. शिवलीला मागे सरली. गगनबावड्याचं धुकं तिच्या डोळ्यापुढं आलं असावं. ती म्हणाली, "कापा हिला. भंगारात घाला."

त्याच दिवशी सम्राट गॅरेजवर आला. मेजरनी त्याला हाताला धरून नेलं आणि जोड दाखवला. खरं ते सगळं सांगितलं. सम्राटनं वरवर बघितलं आणि हसला.

"द्यायची नसंल तर सरळ न्हाय म्हणा की साहेब. असली गोष्ट कशाला रचताय?"

"रचत नाही रे. डोळ्यानं बघ."

"बघितलं. जुनी गाडी म्हटल्यावर गंज असणारच की." आणि तो निघून गेला. ज्याला एखादी वस्तू हवीच असते, त्याला तिच्यातला दोष ही मालकाची युक्ती वाटते. हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय.

शुक्रवारी कापायचं ठरलं. शनिवारी मेजरची रेल्वे सुटणार होती. गॅसकटरवाला आला, त्यानं निळी ज्योत पेटवली, माझ्या छताजवळ आणली. रंगाला पहिला फोड आला.

"थांब," मेजर म्हणाले.

ज्योत मागे गेली.

"मी गेल्यावर कापा. मामा, कागदांवर सह्या करून ठेवतो. मला हे बघवणार नाही."

शिवलीला पुढे आली. "अहो, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे. पाच मिनिटांचं काम आहे. मग जाऊ."

"मामांवर विश्वास नाही का तुझा?"

"मामांवर आहे. अख्खी गाडी समोर असली की माणसांचं मन फिरतं, त्या मनावर नाही."

मेजरनी कागदांवर सह्या केल्या. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला, एखाद्या आजाऱ्याचं अंग बघावं तसा, आणि पाठ वळवून गेले. बर्फात दोन वर्षं उभा राहिलेला माणूस. पाच मिनिटं त्याच्यानं उभं राहवलं नाही.

हंबीरराव वाईट नव्हते. सोमवारी कापू म्हणाले, मग गुरुवारी. मध्ये एकदा त्यांनी माझं इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. "असलं इंजिन कापायचं म्हणजे..." स्वतःशीच पुटपुटले. तिसऱ्या आठवड्यात सम्राट आला. या खेपेला त्यानं गाडी चालवायला मागितलीच नाही.

"नवीन दुकान उघडतोय मामा. नुसती दारात लावतो. ट्रकवर घालून नेतो, ट्रकवर घालून आणतो. चालवली तर माझं नाव बदला."

हंबीररावांनी दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जोडावर लोखंडाच्या दोन पट्ट्या वेल्ड केल्या. मनाच्या समाधानासाठी. पट्ट्यांची रेघ वाकडीच आली. मग त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

जयसिंगपूरला मी दुकानाच्या दारात उभी राहिले. लोक फोटो काढायचे. लहान मुलं माझ्या आरशात तोंडं वेंगाडून बघायची. सम्राटची बायको स्वप्नाली रोज फडक्यानं मला पुसायची. कधी रिकाम्या वेळी आत येऊन बसायची, दार लावून घ्यायची आणि माहेरी फोन करायची. माझ्या मागच्या अर्ध्याला तो फोन सहन होत नसे. मला वाटायचं, हिनं बोलू नये, वाक्य लवकर संपवावं.

उद्घाटन झालं. मला परत न्यायला ट्रक काही आला नाही. एका रविवारी सकाळी सम्राट किल्ली फिरवत बाहेर आला.

"चल, गगनबावडा बघून येऊ. हळूच जातो."

"त्यांनी नको म्हणून सांगितलंय ना?"

"अगं, मामांनी पट्ट्या मारल्यात की! एकदाच."

तो खरंच हळू चालवत होता. कोल्हापूर ओलांडलं, पावसाची रिमझिम सुरू झाली. वर धुकं होतं. स्वप्नालीनं काच खाली केली. पुढे कोकणात उतरणारा घाट लागला. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर धुक्यातून एसटीचे दिवे निघाले. सम्राटनं ब्रेक मारला. पुढची चाकं थांबली. मागचा अर्धा थांबला नाही.

फार मोठा आवाज झाला नाही. जाड कापड फाटावं तसा झाला. पट्ट्या सुटल्या, शिवण उघडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात वारा शिरला. सम्राटच्या बाजूनं मी दगडी कठड्यावर आदळले. स्वप्नाली दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली, अंगावर ओरखडाही नव्हता. तिनं मागे बघितलं. माझा मागचा भाग दहा पावलं लांब रस्त्यात आडवा पडला होता.

"सम्राट, उतरा की!" ती म्हणाली.

"पाय हलंना झालेत," तो म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला, म्हणूनच जास्त भीती वाटली.

तो वाचला. पण उभा राहील असं आता कुणी म्हणत नाही.

मला पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात आणून टाकलं. महिन्याभरानं तिथं एकाच दिवशी सगळे जमले. मेजर सुट्टी काढून आले होते, साध्या कपड्यांत, बरोबर शिवलीला. हंबीरराव जबाबासाठी आले होते. स्वप्नाली माझ्यात राहिलेली तिची पर्स न्यायला आली होती.

मेजर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मी त्याला जोड दाखवला होता. सगळं सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलं हुतं," स्वप्नाली म्हणाली. "ते बी तसंच सांगत्यात. पण साहेब, सांगून किल्ली ठिवून गेलासा न्हवं?"

 हंबीररावांनी मेजरना बाजूला घेतलं. ती जागा माझ्या तुटक्या दारापाशीच होती.

"माझ्यावर घाला सगळं. कागदावर तुम्ही गाडी भंगारात दिलीया. तुम्हाला कोण इचारणार न्हाय. तुमची नोकरी हाय, वर्दी हाय. माझं काय, म्हातारा माणूस."

"मामा, कापायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. मला पण तेवढीच लागली असती."

ते आत गेले. खिडकी उघडी होती. त्यांचा आवाज परेडवरच्यासारखा स्पष्ट येत होता. गाडी धोक्याची आहे हे मला माहीत होतं. ती चालू अवस्थेत, किल्लीसकट, मी मागे ठेवली. माझ्यासमोर नष्ट करून घेणं शक्य होतं, मी ते टाळलं. हे लिहून घ्या. माझ्या वरिष्ठांनाही मी हेच कळवणार आहे.

शिवलीला बाहेर ओट्यावर बसून ऐकत होती. तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. स्वप्नालीनं खिडकीपाशी उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. मेजर बाहेर आले तेव्हा ती त्यांच्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. ती पर्स काखोटीला मारून एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. माफी सगळ्यांनाच परवडत नाही. तिला घरी जाऊन नवऱ्याला कुशीवर वळवायचं होतं.

आता मी इथंच आहे. माझ्या दारावर खडूनं एक नंबर घातलाय. मी पुरावा आहे, त्यामुळे कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मला कुणी कापायचं नाही. जे पाच मिनिटांत व्हायला हवं होतं, त्याला आता किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. मेजर परत सरहद्दीवर गेले. त्यांची चौकशी चालू आहे, असं हवालदार बोलताना ऐकलं.

जागा कमी म्हणून माझे दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवलेत. इतकी वर्षं आम्ही एकीला एक चिकटून पळालो, पण एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. आता दिवसभर बघतो. बोलण्यासारखं काही नाही.

कधीतरी निकाल लागेल, लिलाव होईल. कुणीतरी येईल, माझं पुढचं नाक बघून हुरळून जाईल. तुम्ही तेव्हा इथं असलात तर एवढंच करा. आम्हा दोघींना वेगवेगळ्या ट्रकवर चढवा, आणि दोन्ही ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत उभे राहा. तोंड फिरवू नका.