एका चुलीचं रगात

हिरामणच्या अंगावरून वारं गेलं ते भर दिवसा, हातात चहाची बशी असताना. बशी पडली, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. खोपोलीच्या कारखान्यात चौदा वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस आता कर्जतजवळ कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या आपल्या घरात, बायको आनंदीबाई भरवील तो घास गिळत बसला. कारखान्याने तीन महिन्यांची सवड दिली होती. तोवर माणूस कामावर येईल अशी डॉक्टरची चिठ्ठी आली तर नोकरी, नाहीतर रामराम.

कर्जतचे ताम्हाणे डॉक्टर वयाने लहान, पण चिवट. लकवा झालेल्यांचं रक्त ते दर आठवड्याला तपासत आणि आकडे वहीत लिहून ठेवत. आनंदीबाईला त्यांनी समजावून सांगितलं, की रक्त काचेच्या बारीक नळीत तासभर उभं ठेवायचं आणि तांबडं किती खाली बसतं ते मोजायचं. फार खाली बसलं तर लक्षण बरं नाही, आठवड्यागणिक कमी बसत गेलं तर माणूस उठायची आशा जास्त. हा आपला अंदाज आहे, देवाची सही नाही, असंही ते म्हणाले. पण हे शेवटचं कोण ऐकतंय? आनंदीबाई आपल्या हंड्याचा विचार करत होती. तुरटी फिरवून गाळ खाली बसला की बाई खूश होते, आणि इथे तो बसू नये म्हणून देव पाण्यात घालायचे. सगळंच उफराटं.

पहिला आकडा बेचाळीस आला, दुसरा तीस. त्याच आठवड्यात हिरामणची दोन बोटं हलली. आनंदीबाई त्याच्या हातात ओलं फडकं द्यायची आणि पिळायला लावायची. पाणी थेंबभरच निघायचं, पण निघायचं. तिला खोकला होता, दुपारनंतर अंग कसकसायचं, पोलकं ढिलं झालं होतं. नवरा अंथरुणाला खिळला असताना बाईने आपलं पोलकं कशाला बघावं?

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचा कंपाउंडर धाऊ सायकल मारत आला. तीनदा सुई टोचली, शीर काही सापडेना. हात काळानिळा झाला, हिरामण लहान पोरासारखा कण्हू लागला. आनंदीबाईचं डोकं फिरलं. आठवड्याला नळीभर रगात काढून नेता, मग आमचा माणूस उठंल कशाच्या जोरावर, असं म्हणून तिने धाऊला चांगलं फैलावर घेतलं. मग पदर सारून स्वतःचा दंड पुढे केला.

"माझं घ्या भाऊजी. वीस वर्सं एका चुलीवरचं खातोय आमी. रगात काय येगळं हाय?"

धाऊने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. त्याला अजून दोन गावं करायची होती. त्याने सुई लावली आणि बाटलीवर हिरामणचं नाव लिहिलं. शहाणाच म्हणायचा तोही.

आकडा आला नव्वद.

डॉक्टर स्वतः घरी आले. त्यांनी हिरामणचा हात तपासला, कागद पाहिला, पुन्हा हात तपासला. हात सुधारतोय आणि रक्त उलटं बोलतंय, आत कुठेतरी काही बिघडत असणार, असं ते गोंधळून म्हणाले. कारण कळेपर्यंत चिठ्ठी देता येणार नव्हती. त्याला दमवू नका, म्हणून बजावून ते गेले. धाकटा दीर पोपट म्हणाला, डॉक्टरचा कागद कशाला खोटं बोलेल, आणि त्याने ओलं फडकं उचलून दोरीवर टाकलं. हिरामणने सगळ्यांची तोंडं वाचली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि चार दिवसांत बोटं हलवायचंही सोडून दिलं.

आनंदीबाईच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. रक्त माझं, मग नव्वद माझे? पण मी तर चालतेय, भात रांधतेय. का एका चुलीचं रगात म्हणून त्याचंच दैव माझ्यातून बोललं? सांगावं तर धाऊच्या पोटावर पाय, न सांगावं तर माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. फडकं वाळून कडक झालं तेव्हा तिला राहवेना. तिने पोपटला टेंपो आणायला लावला, हिरामणला उचलून कर्जतला नेलं आणि डॉक्टरांसमोर सगळं ओकून टाकलं.

डॉक्टर धाऊला काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दोघांचं रक्त काढलं आणि दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. तासभर सगळे त्या नळ्यांकडे बघत बसले. हिरामणला बाकावर भिंतीला टेकवून बसवलं होतं, तोही बघत होता. एका नळीतलं तांबडं जरासं उतरलं आणि थांबलं. दुसरीतलं खाली खालीच जात राहिलं.

"ह्यांचं वर हाय ना?" आनंदीबाईने विचारलं.

"वर आहे. अठरा," डॉक्टर म्हणाले. "मी चिठ्ठी देतो."

ती हसली. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा मोकळी हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टर हसले नाहीत. खोकला किती दिवसांचा, रात्री घाम येतो का, असं विचारत त्यांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकलं. थुंकी तपासावी लागेल, छातीचा फोटो काढावा लागेल, आणि भीती आहे तेच निघालं तर दोन महिने रोज सुई, वर वर्ष-दीड वर्ष गोळ्या, असं त्यांनी सांगितलं.

आनंदीबाईला काही उमगेना. आजारी माणूस बाकावर बसला होता, आणि डॉक्टर बोलत होते तिच्याशी.

"आधी ह्यांची चिठ्ठी लिवा," ती म्हणाली. "माझं बघू मागून."

"मागून नाही. रोज यावं लागेल. तुम्हाला घेऊन कोण येणार?"

पोपट चपलेकडे बघू लागला. तेवढ्यात बाकावरून घशात अडकलेला, फाटका आवाज आला. हिरामणने उजवा हात मांडीवरून वीतभर वर उचलला होता.

"मी," तो म्हणाला.