विश्वंभरचं गोत्र

चातुर्मासात वांगं काय, सगळेच सोडतात. यंदा कल्याणीबाईंनी जिवाला लागेल असं काही सोडायचं ठरवलं आणि आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडून कादंबऱ्या वाचणं वर्ज्य केलं. मग आठवलं, की उशाखालच्या जुन्या कादंबरीत कॅप्टन विश्वंभरला ब्रह्मदेशच्या लढाईत नुकतीच गोळी लागली आहे.

जगला की गेला, ते आता कार्तिकातच कळणार. त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी सुचलं: वाचणं सोडलंय, ऐकणं कुठे सोडलंय?

तेव्हापासून दिवेलागणीनंतर यजमान वाचू लागले. नारायणराव रेल्वेतले निवृत्त गार्ड. प्रेमाची पानंही ते फलाटावरच्या सूचनेसारखी वाचत. विश्वंभरची वाट पाहणारी जाई जुन्या भेटी आठवू लागली, की "इथं दोघं बोलतात," एवढंच सांगून पान उलटत. काय बोलतात तेही वाचा ना, असं त्या हळूच म्हणत. मग, असल्या रडगाण्यात आपल्याला काडीचं गम्य नाही, म्हणून ते एका प्रकरणावर पुस्तक मिटत. आणि प्रकरणामागून प्रकरण जाईचंच. विश्वंभरची खबर नाही.

संकष्टीला कल्याणीबाईंनी गणपतीच्या देवळात अभिषेक ठरवला. कुणासाठी, ते घरी सांगितलं नाही. नारायणराव दुधाचा तांब्या घेऊन मागे उभे.

गुरुजींनी संकल्पासाठी नाव विचारलं.

"विश्वंभर," त्या पुटपुटल्या. मागे तांब्या हिंदकळला.

"गोत्र?"

कल्याणीबाईंना पेच पडला. देवासमोर खोटं कसं बोलायचं? आणि लेखकानं तर गोत्र दिलंच नव्हतं.

"काश्यप," मागून नारायणराव म्हणाले. "माहीत नसलं की काश्यपच धरतात ना, पंडितजी?"

गुरुजींनी मान डोलावली. "कष्ट क्या है, भाभीजी?"

"फौजेत आहे. गोळी लागलीय."

झाशीसारख्या छावणीच्या गावात हे काही नवल नव्हतं. गुरुजी हळहळले. "राम राम. कहाँ लगी?"

"खांद्याला," नारायणराव बोलून गेले. "हाड शाबूत आहे. उठून बसतो तो."

कल्याणीबाई सावकाश वळल्या. खांद्याचं प्रकरण घरात अजून वाचलंच गेलं नव्हतं.

"तुम्ही पुढे वाचलंत," त्या अगदी हळू म्हणाल्या.

नारायणराव गणपतीकडे बघत राहिले. "पुढच्या संकष्टीला जाईच्या नावानंही करून टाकू. तिचं काही खरं दिसत नाही."

"करू," कल्याणीबाईंनी हात जोडले. "पण तिचं गोत्र दुसरं सांगा हं. दोघंही काश्यप झाली, तर लग्न कसं लागायचं?"